जामीन झाला, जामीनदार मिळेना

१

मराठी वाचकाला तुरुंग अनोळखी नाही. आपल्या भाषेतली काही मोलाची पुस्तके तुरुंगातच जन्मली. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यामुळे तुरुंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते: लहानशी खोली, गजांतून येणारा उजेड आणि वहीत उतरणारा विचार. त्या चित्रातल्या कैद्याला आपण आत का आहोत हे माहीत असते. किती वर्षांसाठी, हेही बहुधा माहीत असते.

आजच्या तुरुंगातल्या बहुसंख्य माणसांना यातले काहीच नीट माहीत नसते. त्यांच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. आरोपपत्रात काय लिहिले आहे ते अनेकांना वाचता येत नाही. वकील नेमला आहे असे कुणीतरी सांगितलेले असते, पण त्याचा चेहरा पाहिलेला नसतो. रात्री बराकीत एकाने कूस बदलली की शेजारच्यालाही बदलावी लागते. सकाळी संडासासाठी रांग, मग पाण्यासाठी रांग, मग दवाखान्यासाठी रांग. या सगळ्या रांगांच्या पलीकडे एकच शब्द असतो, तारीख. तारखेला न्यायालयात नेतील का, नेले तर साक्षीदार येईल का, आला तर साहेब रजेवर नसतील ना. तारीख पडते आणि पुढे ढकलली जाते, आणि माणूस परत त्याच बराकीत येतो.

अशा माणसाला तुरुंगाच्या बोलीत ‘कच्चा कैदी’ म्हणतात. सरकारी कागदावर तो ‘न्यायाधीन बंदी’ असतो. हे पुस्तक मुख्यतः त्याच्याविषयी आहे. तुरुंगांतल्या गर्दीचा प्रश्न कुठूनही उलगडायला घेतला, तरी शेवटी आपण त्याच्यापाशीच येऊन पोहोचतो.

२

आधी हिशेब मांडू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या १,३३० तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि राहत होती ५,७३,२२० माणसे. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. एकूण जागा आणि कच्चे कैदी हे दोनच आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशातली जवळजवळ सगळी जागा एकट्या कच्च्या कैद्यांनी भरून जाते, आणि शिक्षा झालेल्या १,३३,४१५ जणांसाठी जेमतेम दोन हजार जागा उरतात. हाच हिशेब उलटा करता येतो. तीन कच्च्या कैद्यांपैकी एक जरी घरी राहून खटल्याला हजर होत असता, तरी त्या दिवशी देशाच्या बेरजेत गर्दी उरली नसती.

बेरीज मात्र फसवी असते. स्त्रियांच्या किंवा खुल्या तुरुंगांत जागा मोकळी असू शकते आणि शहरातल्या मध्यवर्ती कारागृहात पाय ठेवायला वाव नसतो. महाराष्ट्राची एकूण सोय पंचवीस हजारांच्या आसपास आणि कैदी चाळीस हजारांच्या घरात, अशी अलीकडची स्थिती आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता हजाराच्या आतबाहेर; तिथे तिपटीहून अधिक माणसे कोंबली जातात, हे आता कुणाला बातमीही वाटत नाही. नमुना कारागृह नियमावलीने बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे साधारण चाळीस चौरस फूट जागा ठरवून दिली आहे. तिप्पट गर्दीत त्यातली तेरा-चौदा चौरस फूट हाती येते. एक सतरंजी अंथरली की ती संपली.

आत कोण आहेत, हेही पाहायला हवे. कैद्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले आहेत. जवळपास तितकेच लोक दहावीपर्यंतही पोहोचलेले नाहीत. पाच वर्षांहून अधिक काळ निकालाची वाट पाहत आत असलेले कच्चे कैदी २०२२ च्या अखेरीस अकरा हजारांवर होते. दीड हजारांहून अधिक स्त्रिया आपल्या लहान मुलांना घेऊन आत राहत होत्या. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. त्या मुलाच्या जगात चंद्र दिसायच्या आत बराक बंद होते.

गर्दी आहे तर नवे तुरुंग बांधा, हे उत्तर सगळ्यांना पहिल्यांदा सुचते. ते पूर्ण चूक नाही. कित्येक इमारती शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांत माणसाने राहू नये. पण बांधकामाने गर्दी हटते का? २०१९ च्या अखेरीस देशाची क्षमता ४,०३,७३९ होती. तीन वर्षांत ती बत्तीस हजारांहून अधिक वाढली. त्याच काळात गर्दीचे प्रमाण शेकडा ११८.५ वरून १३१.४ वर गेले.

याचे कारण साध्या गणितात आहे. तुरुंगातली संख्या दोन गोष्टींवर ठरते: किती माणसे आत येतात, आणि प्रत्येक जण किती काळ राहतो. महिन्याला शंभर जण येत असतील आणि सरासरी तीन महिने राहत असतील, तर आत तीनशे माणसे दिसतील. तेवढेच लोक सहा महिने राहू लागले की सहाशे दिसतील. गावातला एकही गुन्हा वाढलेला नसेल. देशात एका वर्षात तुरुंगाची पायरी चढणारे १८ लाखांहून अधिक होते, ही २०१९ ची नोंद आहे. त्यांतले बहुतेक काही दिवसांत किंवा महिन्यांत सुटतात. प्रश्न त्यांच्या येण्याचाही आहे आणि उरलेल्यांच्या थांबण्याचाही. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे, की तुरुंग भरतो तो दारांमुळे. अटकेचे, कोठडीचे, जामिनाचे, खटल्याचे, शिक्षेचे आणि सुटकेचे, अशी सहा दारे आहेत. त्यांपैकी प्रत्येक दाराशी कुणीतरी एक निर्णय घेतो किंवा घ्यायचे टाळतो.

३

या सहांपैकी एका दाराशी थोडे थांबू, कारण ते सर्वांत अरुंद आहे. फौजदारी न्यायालयाच्या आवारात अनेक वर्षे वावरताना मी एक वाक्य इतक्यांदा ऐकले आहे, की ते या प्रस्तावनेचे शीर्षक झाले. “जामीन झाला, जामीनदार मिळेना.”

न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात तिथून एक दुसरी परीक्षा सुरू होते. पंधरा किंवा पंचवीस हजारांचा ऐपतदार जामीन द्या, असा आदेश असतो. मग शिधापत्रिका हवी, कर भरल्याची पावती किंवा पगारपत्रक हवे, नाहीतर सातबारा हवा, आणि तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला आणायचा. ज्याचे सगळे आयुष्य पुलाखाली, नाक्यावर किंवा बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपटात गेले, त्याच्या गोतावळ्यात सातबारा कुणाचा असणार? त्याचे जामीनदार व्हायला तयार असलेली माणसे त्याच्यासारखीच, बिनकागदांची. बिहारहून, विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या मजुराचा भाऊ गावी असतो, आणि परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असे कारकून सांगतो. ही पोकळी ओळखून न्यायालयाबाहेर धंदेवाईक जामीनदार उभे राहतात, आणि गरिबाने त्यांना दिलेले पैसे कुठल्याच हिशेबात येत नाहीत. मुंबईत काही काळासाठी रोख रक्कम भरून सुटण्याची आणि दरम्यान जामीनदार शोधण्याची सवलत न्यायालये देतात. त्या रोख रकमेसाठी बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते. तेही नसेल, तर मंजूर झालेला जामीन कागदावर राहतो आणि माणूस आत.

पारध्यांसारख्या जमातींच्या बाबतीत हे दार आणखी आवळलेले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण ‘सवयीचे गुन्हेगार’ या नावाने १९५९ साली मुंबई राज्यात नवा कायदा आला आणि संशयाची सवय तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना पोलिसांच्या येण्याने एखादी वस्ती कशी रिकामी होते हे वेगळे सांगायला नको. पक्का पत्ता नाही म्हणून जामीन नाही, जामीन नाही म्हणून तुरुंग, आणि तुरुंगात राहून आला म्हणून पुढच्या वेळी पहिला संशय त्याच्यावरच. हे चक्र फिरत राहते.

४

या प्रश्नाचा इतिहास तुरुंगाच्याच इतिहासाइतका जुना आहे. युरोपात १७६४ साली बेकारियाने शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी असे मांडले आणि १७७७ साली जॉन हॉवर्डने इंग्लंडमधल्या तुरुंगांची दैना जगापुढे आणली. हॉवर्डला सर्वांत अस्वस्थ केले ते निर्दोष सुटूनही तुरुंगरक्षकाची फी भरता येत नाही म्हणून आतच राहिलेल्या माणसांनी. अडीचशे वर्षांनंतरही त्या माणसांचे वंशज ओळखता येतात.

भारतात १८३५ साली मेकॉलेने तुरुंगांकडे लक्ष वेधले, समिती नेमली गेली आणि १८३८ साली तिचा अहवाल आला. त्या अहवालाचा रोख शिस्तीवर आणि जरबेवर होता. कैदी सुधारावा ही कल्पना समितीला भाबडी वाटली. पुढच्या समित्यांनीही आहार, कपडे, मृत्यूचे प्रमाण अशा बाबी पाहिल्या, आणि त्यातून १८९४ चा कारागृह कायदा झाला. आपले तुरुंग शतकाहून अधिक काळ त्याच कायद्याच्या सावलीत चालले. तुरुंगाचे काम माणूस सुधारण्याचे आहे, असे स्पष्टपणे म्हटले ते १९१९-२० च्या भारतीय कारागृह समितीने. तोपर्यंत तुरुंग म्हणजे भिंत आणि पहारा, एवढीच व्याख्या होती.

त्या विचाराला मराठी मुलखात लवकर पालवी फुटली. १९३८ साली मुंबई प्रांताने परिवीक्षेचा कायदा केला. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदा सापडलेल्याला तुरुंगात न टाकता देखरेखीखाली समाजातच ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. देशासाठी असा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंती नसलेल्या त्या वसाहतीत जन्मठेपेचे कैदी शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच वसाहत. तो चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, की ती गोष्ट सांगली जिल्ह्यात खरोखर घडली आणि ती वसाहत पुढेही चालत राहिली?

स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ डब्ल्यू. सी. रेकलेस यांचा अहवाल, त्यावरून झालेली नमुना नियमावली, १९८० च्या दशकातला न्या. मुल्ला समितीचा अहवाल आणि स्त्री-कैद्यांवरचा न्या. कृष्ण अय्यर समितीचा अहवाल, अशी शिफारशींची रांग लागली. तुरुंग हा विषय राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे दिल्लीत छापलेला अहवाल राज्यांच्या कपाटात जाऊन बसे.

खरा हादरा दिला तो न्यायालयांनी. १९७८ साली मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचे ठरवले आणि गरिबाला पैशांअभावी कोंडता येणार नाही असा निवाडा दिला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आले. बिहारच्या तुरुंगांत काही माणसे ज्या गुन्ह्यासाठी धरली होती त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याविना पडून होती. के. एफ. रुस्तमजींच्या वृत्तपत्रीय लेखांतून ते बाहेर आले आणि वकील कपिला हिंगोरानींनी याचिका केली. न्या. भगवतींनी जलद खटला हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. त्या प्रकरणाच्या ओघात देशभरात सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले. १९८३ साली मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांसाठी निर्देश निघाले. त्याच वर्षी रुदुल शाह प्रकरणात, निर्दोष सुटूनही चौदा वर्षे आत राहिलेल्या माणसाला न्यायालयाने भरपाई दिली.

त्यानंतरच्या टप्प्यांची नावे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. विधी सेवा प्राधिकरणे १९९५ पासून उभी राहिली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००६ पासून लागू झालेल्या कलम ४३६-अ ने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला सुटकेचा हक्क दिला. २०१४ साली अर्नेश कुमार निवाड्याने सांगितले, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक नको, आधी नोटीस द्या. माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या २०१३ च्या पत्रातून तुरुंगांच्या स्थितीवरचा मोठा खटला उभा राहिला आणि जिल्ह्याजिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांच्या आढाव्याच्या समित्यांना बळ मिळाले. २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निवाड्याने जामिनाचा वेगळा कायदा करावा असे सुचवले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरला.

इतके निवाडे आणि इतके अहवाल, आणि तरीही शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. हे अंतर का उरते, हाच या विषयाचा गाभा आहे.

५

या प्रश्नाकडे पाहणाऱ्यांचे ढोबळमानाने चार संप्रदाय दिसतात.

पहिला प्रशासकांचा. जागा वाढवा, पदे भरा, संगणक आणा. देशात तुरुंगांतली दहापैकी सुमारे तीन पदे रिकामी असतात, तेव्हा या म्हणण्यात तथ्य आहे. शंभर माणसांवर दोन शिपाई असतील तर सुधारणेचे नावही काढता येत नाही. पण हा संप्रदाय तुरुंगात आलेल्या माणसापासून सुरुवात करतो. तो का आला, हे विचारत नाही.

दुसरा हक्कवाद्यांचा. जीविताच्या हक्काचे घटनेतले एकविसावे कलम, जनहित याचिका आणि मोफत वकील ही त्यांची साधने. या देशातल्या कैद्याला माणूस म्हणून ओळख मिळाली ती यांच्यामुळे. मात्र निवाडा आणि बराक यांच्यामध्ये तालुक्याचे न्यायालय, पोलीस ठाणे आणि कारकुनाचे टेबल असते. तिथपर्यंत निवाडा पोहोचवायला रोज कुणालातरी चालावे लागते.

तिसरा कार्यपद्धतीचा. खटले लांबतात म्हणून गर्दी होते, असे यांचे निदान. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने १९८७ साली सांगितले होते. त्या आकड्याच्या निम्म्यावरही आपण अजून पोहोचलेलो नाही. कैद्याला न्यायालयात न्यायला पोलीस गार्द मिळत नाही म्हणून तारीख हुकते, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. करोनाच्या काळाने या संप्रदायाचा मुद्दा विलक्षण रीतीने सिद्ध केला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून उच्चाधिकार समित्या नेमल्या गेल्या आणि हजारो कैदी तात्पुरते सुटले. पण न्यायालयेच थंडावल्याने खटले संपेनात. कच्च्या कैद्यांचा वाटा २०१९ मध्ये शेकडा ६९ होता, तो २०२० च्या अखेरीस ७६ वर गेला. एक दार उघडले आणि दुसरे बंद पडले, की काय होते याचा हा धडा.

चौथा संप्रदाय पर्यायांचा. परिवीक्षा, समाजसेवेची शिक्षा, खुली कारागृहे, तंटा मिटवण्याचे मार्ग. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या तुरुंगात कैदी कुटुंबासह राहतात आणि बाहेर जाऊन कमावतात. यांच्यातलेच काही अधिक पुढे जाऊन तुरुंग ही संस्थाच हवी का, असे विचारतात. त्यांच्याशी सगळ्यांचे जुळणार नाही, पण त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

पर्यायांच्या या म्हणण्याला जगाच्या अनुभवातही आधार आहे. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन जामीन प्रकल्पाने आरोपीचे घर, काम, नातेवाईक यांची माहिती गोळा करून न्यायाधीशांपुढे ठेवली. पैसे न भरता, केवळ शब्दावर सोडलेली माणसे बहुतांशी तारखेला हजर झाली. फिनलंडने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरवून कैद्यांची संख्या घटवली. याच्या उलट कॅलिफोर्नियाने शिक्षा वाढवत नेल्या आणि २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला गर्दी कमी करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब करावे लागले. मॅनहॅटनमध्ये जे काम प्रकल्पाने केले, ते आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून समाजकार्यकर्त्यांकरवी केले आहे: बराकीत जाऊन विचारायचे, घर शोधायचे, वकिलाला कळवायचे, सुटल्यावर काम मिळवून द्यायचे. कामाचे नाव साधे आहे, पण दारे अशाच कामाने उघडतात.

६

हे पुस्तक आत्ताच का? कारण १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची चौकट बदलली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटकेचा हक्क दिला आणि अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा आणली. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा निर्देश आहे. २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी याच माणसांविषयी न्यायाधीशांसमोर कळकळीने बोलून दाखवले.

पण याच कलम ४७९ मध्ये एक अडसरही आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांची किंवा अनेक प्रकरणांची चौकशी चालू आहे, त्याला हा लाभ नाही. आपल्याकडे एका प्राथमिक माहिती अहवालात तीन-चार कलमे लावणे ही रीत आहे. दिलेला हक्क त्या रीतीत अडकून पडू शकतो. अमली पदार्थ, दहशतवाद, आर्थिक गैरव्यवहार यांसंबंधीच्या विशेष कायद्यांत, तसेच महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्कामध्ये जामिनाचा नियमच उलटा आहे. तिथे खटला लांबणे हीच शिक्षा होऊन बसते. दहशतवादविरोधी कायद्याखाली तळोजा कारागृहात असलेले धर्मगुरू स्टॅन स्वामी २०२१ साली मुंबईच्या रुग्णालयात वारले ते ८४ व्या वर्षी, न्यायाधीन बंदी म्हणूनच.

एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. ज्या घरातली मुलगी गेली, ज्याचे दुकान लुटले, ज्याच्या भावाला मारले, ते विचारतील, की तुम्हाला आरोपींचाच कळवळा का? या पुस्तकातला एकही लेखक तो प्रश्न हलका मानत नाही. साक्षीदाराला धमकावणारा, पुन्हा हल्ला करू शकणारा माणूस आत राहिलाच पाहिजे. पण आज पीडिताला मिळते ते काय? आठ-दहा वर्षे तारखा, विसरत चाललेले साक्षीदार आणि शेवटी बऱ्याचदा निर्दोष सुटका. खटल्यांच्या ज्या गर्दीमुळे मोबाईलचोरीचा आरोपी तीन वर्षे आत राहतो, त्याच गर्दीमुळे खुनाचा खटला मागे पडतो. दारे नीट चालली तर दोघांनाही न्याय लवकर मिळेल.

७

या संग्रहात वकील, निवृत्त कारागृह अधिकारी, समाजकार्यकर्ते, संशोधक आणि तुरुंगातून बाहेर आलेली माणसे एकत्र आली आहेत. त्यांचे एकमत नाही, आणि ते घडवून आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही. अधिकाऱ्याला जे अपुऱ्या मनुष्यबळाचे दुखणे वाटते, ते वकिलाला हक्कभंग वाटते. वाचकाने दोन्ही ऐकावे. मात्र प्रत्येकाला आम्ही एकच अट घातली होती. ज्या माणसाविषयी लिहाल, तो सहापैकी कोणत्या दाराशी अडला आणि ते दार त्या दिवशी कोण उघडू शकले असते, हे सांगा. त्यामुळे हे पुस्तक तुरुंगाच्या वर्णनाचे कमी आणि निर्णयांचे अधिक झाले आहे. कायद्याची माहितीपुस्तिका किंवा आंदोलनाचा जाहीरनामा होण्याचा त्याचा हेतू नाही. कायद्याशी संबंध नसलेल्या वाचकाला हा सगळा प्रदेश एकदा फिरून दाखवावा, एवढी त्याची इच्छा आहे.

भाषेबद्दल थोडे. ‘कच्चा कैदी’ हा शब्द आम्ही ठेवला, कारण आत आणि बाहेर तोच बोलला जातो. ‘गुन्हेगार’ हा शब्द फक्त दोषी ठरलेल्यांसाठी वापरला. कैद्यांना मिळणाऱ्या रजांची नावेही आतली माणसे म्हणतात तशीच, पॅरोल आणि फर्लो, सरकारी अभिवचन रजा आणि संचित रजा यांच्यासोबत दिली आहेत. या निवडींमागे साधा आग्रह आहे. खटला चालू असलेल्या माणसाला वाक्यातच शिक्षा होऊ नये.

वाचकाने पुस्तक मिटल्यावर काय करावे? आपल्या जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांच्या आढाव्याची समिती बसते. ती कधी बसली, किती नावे पाहिली, किती माणसे सुटली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. गावातल्या वकिलाला, महाविद्यालयातल्या विधी सेवा केंद्राला, ग्रामपंचायतीला हे विचारता येते, की आपल्याकडचा कुणी जामीन होऊनही आत आहे का? तुरुंगाचे दार बाहेरूनही वाजवावे लागते. धुळ्याच्या तुरुंगात बोलली गेलेली गीता मराठी घराघरांत पोहोचली, कारण तिथे ऐकणारा आणि लिहून घेणारा कुणीतरी शेजारी बसला होता. आजच्या बराकींतले बोलणेही तसेच ऐकून, लिहून बाहेर आणावे, या एकाच उद्देशाने हे पुस्तक सिद्ध झाले आहे.